हापशाचा पाना कुणाच्या हातात?

‘तंत्रज्ञानाला जात नसते’ हे वाक्य हल्ली आपल्याच पोरांच्या तोंडी ऐकू येते. नांदेडच्या क्लासेसमध्ये, लातूरच्या अभ्यासिकांमध्ये, पुण्याला कंपनीत लागलेल्या मुलांच्या स्टेटसवर. वाक्य अर्धे खरे आहे. मोबाईल हातात धरणाऱ्याला जात विचारत नाही. पण त्याच्या आत काय चालते ते वाचायची परवानगी कुणाला आहे? तो बिघडला तर उघडायचा हक्क कुणाचा? आपल्या गरजेप्रमाणे त्यात बदल करायचा तर कुणाच्या दारात उभे राहावे लागते? हे प्रश्न विचारले की आपण पुन्हा ओळखीच्या उतरंडीपाशी येऊन थांबतो.

सॉफ्टवेअरच्या जगात या प्रश्नांवर चाळीस वर्षांपासून भांडण चालू आहे आणि त्याचा इतिहास नेहमी अमेरिकेतून सांगितला जातो. आम्हाला तो मराठवाड्यातून सांगायचा आहे. कारण ‘सर्वांना उघडे तंत्रज्ञान’ या कल्पनेचा एक मोठा प्रयोग आपल्याच काळ्या पाषाणावर झाला. तो प्रयोग आपल्या वस्तीच्या तोंडाशी आजही उभा आहे, बहुतेक ठिकाणी दांडा मोडलेल्या अवस्थेत. त्याला आपण हापसा म्हणतो.

आधी अमेरिकेचे, थोडक्यात. १९८० च्या सुमारास एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर काम करत होता. जुन्या प्रिंटरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर, त्याच्याकडे होता. म्हणून प्रिंटर अडकला की वापरणाऱ्यांना संदेश जाईल असा बदल त्याने स्वतःच करून घेतला होता. मग झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. त्याचा कोड मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्या माणसाकडे तो होता, त्याने गुप्ततेचा करार केल्याचे सांगून नकार दिला. २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमनने ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. त्यातून पुढे मुक्त सॉफ्टवेअरची चार स्वातंत्र्ये मांडली गेली : हव्या त्या कामासाठी वापरणे, आतून वाचून बदलणे, प्रत दुसऱ्याला देणे आणि बदललेली प्रतही वाटणे. १९८९ ला जीपीएल हा परवाना आला. त्याची अट अशी की जो बदल करून वाटेल त्याने आपला कोडही उघडा ठेवायचा. १९९१ ला हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केले. ‘ओपन सोर्स’ हे नाव रूढ झाले ते १९९८ पासून, आणि ते बाजाराला सोयीचे पडले, कारण त्यात ‘स्वातंत्र्य’ हा शब्द नाही.

आंबेडकरी माणसाला हे सारे परके वाटायचे कारण नाही. ज्या नियमांनी आपले आयुष्य बांधले ते वाचायची आपल्याला बंदी होती आणि बदलायची तर कुणालाच मुभा नव्हती. मनुस्मृतीवरचा बाबासाहेबांचा राग तिच्यातल्या मजकुरावर होता, तसा ‘हे पवित्र आहे, याला हात लावायचा नाही’ या दाव्यावरही होता. उलट संविधानात त्यांनी दुरुस्तीचे कलम ३६८ ठेवले, आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात जेफरसनचा आधार घेऊन सांगितले की एका पिढीला पुढच्या पिढ्यांना कायमचे बांधून ठेवता येत नाही. वाचता येणारा आणि बदलता येणारा कायदा हे तत्त्व आपल्याकडे कॉम्प्युटरच्या आधी आले आहे.

पण इथेच थांबलो तर लेख गुळगुळीत होईल. उघडे असणे वेगळे आणि उघडता येणे वेगळे, हा फरक आपल्याला महाडने शिकवला आहे.

तारखा ओळीने पाहा. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ ला महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे परवाना मिळाला. तरी २० मार्च १९२७ पर्यंत तळ्याला आपल्या माणसाचा हात लागला नाही. हात लागला तेव्हा डोकी फुटली आणि तळे ‘शुद्ध’ करून घेतले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. दिलेला परवाना काढून घेता येतो, हे तिथे दिसले. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडावे लागले. त्याच्याही आधी, १८६८ ला, जोतीराव फुल्यांनी दुसरा मार्ग दाखवला होता. त्यांनी ठरावाची वाट न बघता आपल्या घरचा हौद खुला केला.

आमच्या मराठवाड्याला यातला कागदसुद्धा लागू नव्हता. आम्ही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. नंतर कायदे आले, पण आड तोच आणि आडावरचा रहाटही तोच. आपल्या बाया घागर घेऊन लांब उभ्या राहत आणि कुणी तरी वरून पाणी ओतेल याची वाट पाहत. हे आमच्या आज्यांनी स्वतः सोसलेले आहे.

हापशाची गोष्ट इथून सुरू होते.

दख्खनचा हा भाग बेसॉल्टचा. आडातले वरच्या थरातले पाणी फाल्गुनात संपते आणि खालच्या भेगांतले पाणी काढायचे तर खडक फोडावा लागतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस, दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर, हवेच्या दाबावर चालणारी बोअरची यंत्रे युनिसेफ आणि काही मिशनरी संस्थांमार्फत भारतात आली. जे काम सुरुंग लावून महिनोन् महिने चालायचे ते एक-दोन दिवसांत होऊ लागले. १९७२ च्या दुष्काळात तर बोअरची गाडी गावात आली की लोक हार घेऊन उभे राहत, असे जुनी माणसे सांगतात. (लातूर तेव्हा जिल्हा नव्हता. तो उस्मानाबादेतून १९८२ ला वेगळा झाला.)

बोअर झाले, पण त्यावर बसवायचे पंप ओतीव लोखंडाचे होते. युरोप-अमेरिकेतल्या शेतघरासाठी बनवलेल्या पंपांच्या त्या नकला. एका कुटुंबाने दिवसातून चार वेळा हापसायचे यंत्र इथे अख्खे गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत हापसत होते. ते मोडणारच. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर झालेल्या पाहण्यांत बसवलेल्यांपैकी बहुसंख्य पंप बंद सापडले.

याला उत्तर दिल्लीतून किंवा जिनिव्हातून आले नाही. जालन्याला स्कॉटिश मिशनचे पाण्याचे काम चालू होते. तिथल्या वर्कशॉपमध्ये मोडके पंप येत. ओतीव लोखंडाचे डोके काढून त्या जागी पोलादी, वेल्डिंग केलेले डोके बसवायला त्यांनी सुरुवात केली, आणि अनेक सांध्यांचा दांडा काढून एकाच आसावर फिरणारा दांडा केला. हा ‘जालना पंप’. पुढे सोलापूरला याच कल्पनेवर आणखी काम झाले आणि ‘सोलापूर पंप’ तयार झाला. त्याच्यामागे ऑस्कर कार्लसन या स्वीडिश माणसाचे नाव घेतले जाते. ज्या वेल्डर-मिस्त्रींनी तुटलेले भाग हातात घेऊन हे बदल सुचवले असतील, त्यांची नावे अशा इतिहासात येत नाहीत. मोडकी वस्तू दुरुस्त करणाऱ्या हाताला ‘शोधक’ म्हणायची आपल्याकडे रीत नाही. बलुतेदारीत अवजार घडवणारा आणि अवजाराचा मालक हे कधीच एक नव्हते.

सरकार आणि युनिसेफने सगळे पंप तपासले तेव्हा सोलापूरचा पंप सर्वांत टिकाऊ निघाला. मग त्यावरून नवा पंप बनवायचे ठरले. काम मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्याकडे गेले. अटी अशा : छोट्या वर्कशॉपमध्ये बनवता यावा, स्वस्त असावा, वर्षभर दुरुस्तीशिवाय चालावा, बाईला आणि पोराला हापसता यावा. यातून १९७७-७८ च्या सुमारास ‘इंडिया मार्क टू’ जन्माला आला. वरच्या डोक्यात गोल पाळी आणि तिच्यावरून जाणारी साखळी. दांडा दाबला की साखळी सरळ वर ओढली जाते आणि खालचा गज वाकडा होत नाही. तुमच्या वस्तीतला हापसा उघडा असेल तर आत डोकावून बघा.

आमच्या विषयाच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढे आहे. या पंपाचे पेटंट कुणीही घेतले नाही. १९७९ मध्ये भारतीय मानक संस्थेने आयएस ९३०१ या क्रमांकाने त्याचे मानक छापले. कुठला भाग किती मापाचा, पत्रा किती जाडीचा, सहनशीलता किती, हे सारे कागदावर आले आणि ज्याला हवे त्याने बनवावे, असे झाले. आजच्या भाषेत सांगायचे तर यंत्राचा सोर्स कोड उघडा केला. ही गोष्ट स्टॉलमनच्या घोषणेच्या चार वर्षे आधीची. देशभर कारखाने उभे राहिले आणि लाखो पंप बसले. डिझाइन आफ्रिकेत गेले. युगांडाने त्यावरून ‘यू-टू’ आणि ‘यू-थ्री’ हे आपले पंप केले आणि पाण्याने पाइप गंजतात म्हणून त्यात आपले बदलही केले. कुणाला रॉयल्टी द्यावी लागली नाही की कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही. जालन्यात वेल्डिंग झालेली कल्पना कंपाला येथे बदलून वापरली गेली. मराठवाड्याने जगाला काय दिले, असे कुणी विचारले तर आपण उगाच संतांपाशी थांबतो.

आता याची दुसरी बाजू.

ड्रॉइंग उघडे होते, पण पंप उघडत नव्हता. मार्क टूचे सिलिंडर पाइपाच्या तळाशी, शंभर-दीडशे फुटांवर असते. त्यातले वॉशर झिजले की पाणी येत नाही. सुरुवातीला हे वॉशर चामड्याचे असत आणि पुढे रबराचे आले. वॉशरची किंमत काही रुपये. पण ते बदलायचे तर अख्खा लोखंडी पाइप नळी-नळी करून वर काढावा लागतो. त्याला तिवई लागते, चिमटे लागतात, चार-पाच माणसे आणि गाडी लागते. गाडी पंचायत समितीकडे. गाडी कधी येणार हे ग्रामसेवक सांगणार, आणि ती आली तर आधी कुठल्या गल्लीतला हापसा उचलायचा हे कोण ठरवणार, ते आम्ही लिहायची गरज नाही. पाच रुपयांच्या वॉशरसाठी वस्ती उन्हाळाभर थांबते. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत काम करताना आम्ही हे इतक्या वेळा पाहिले आहे की आता गावात शिरल्यावर आधी हापशाचा दांडा पाहायची सवयच लागली आहे. दांड्यावर गंज असेल तर इथे गाडी आलेली नाही.

आणि जात? हापशात दोर नाही, बादली नाही, पाणी बंद पाइपातून येते, म्हणजे विटाळ संपायला हवा होता. तो संपला नाही. आपल्या माणसाने हापसल्यावर दांडा धुऊन घेणारी गावे होती. बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात यंत्रविरोधी गांधीवादाला उत्तर देताना हेच मांडले होते : दोष यंत्राचा नाही, यंत्र ज्या समाजरचनेत बसवले आहे तिचा आहे. म्हणून यंत्र नाकारू नका, रचना बदला. ‘तंत्रज्ञानाला जात नसते’ म्हणणाऱ्या पोरांनी आणि ‘हे सगळे भांडवली खेळणे आहे’ म्हणून कॉम्प्युटरकडे पाठ फिरवणाऱ्या आमच्या काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांनीही हे प्रकरण पुन्हा वाचावे.

पाइप उचलायचा प्रश्न अभियंत्यांनाही छळत होता. ऐंशीच्या दशकात कोइम्बतूर भागात चाचण्या झाल्या आणि ‘मार्क थ्री’ आला. पाइप जाड केला, म्हणजे आतला दट्ट्या पाइप न काढता तसाच वर ओढून घेता येतो. दोन माणसे, थोडे पाने, तासा-दोन तासांचे काम. गाव स्तरावर दुरुस्त होईल असा पंप, हीच त्यामागची व्याख्या. यातला धडा सॉफ्टवेअरवाल्यांना अजून नीट कळलेला नाही : एखादी गोष्ट बदलायचे स्वातंत्र्य परवान्यात लिहून पुरत नाही, ते यंत्राच्या बांधणीत असावे लागते. पण जाड पाइप महाग आणि जड. देशात बहुसंख्येने उभे राहिले ते मार्क टूच.

तरीही मार्क टू उघडणाऱ्या बायका निघाल्या. उत्तर प्रदेशातल्या बांदा-चित्रकूट भागात १९९० च्या आसपास महिला समाख्या कार्यक्रमात दलित आणि कोल आदिवासी बायकांना हापसा दुरुस्तीचे शिक्षण दिले गेले. अक्षरओळख नसलेल्या बायका पाने घेऊन सायकलवर गावोगाव जाऊ लागल्या. ज्या गावात त्यांना पाण्याला शिवू देत नव्हते, तिथलाच बंद हापसा त्यांच्या हाताने सुरू झाला आणि त्याचे पहिले पाणी कुणाच्या हाताचे होते हे गावाला दिसत होते. पुढे सुट्या भागांची नोंद ठेवायला लिहिता-वाचता आले पाहिजे, अशी गरज त्यांच्यातूनच उभी राहिली. त्या शिक्षणातून ‘महिला डाकिया’ हे पत्र निघाले आणि त्याच भागात २००२ ला ‘खबर लहरिया’ हे वृत्तपत्र सुरू झाले. पान्यापासून छापील मजकुरापर्यंतचा हा रस्ता आपल्याला ओळखीचा वाटायला हवा. १९२० ला ‘मूकनायक’ची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊनही छापली नाही. त्यातून बाबासाहेबांनी काढलेला अर्थ स्पष्ट होता : दुसऱ्याच्या यंत्रावर आपला आवाज अवलंबून ठेवायचा नाही. पुढे त्यांनी भारतभूषण छापखाना उभा केला.

आता आपल्या आजच्या छापखान्याकडे पाहू. नव्वदच्या दशकापासून नांदेड-लातूरला १४ एप्रिलची पत्रके, नामांतर लढ्यातील शहिदांच्या स्मरणिका, धम्म परिषदांची पुस्तके डीटीपीवर तयार होऊ लागली. प्रत्येक मराठी सॉफ्टवेअरचे अक्षरांचे क्रमांक वेगळे आणि ते गुप्त. त्यातली काही सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्या मागे कुलूप, म्हणजे डोंगल, खोचल्याशिवाय चालत नसत. डोंगल हरवले किंवा दुकान बंद झाले की मजकूर गेला. आमच्याकडे दोन जुन्या कार्यकर्त्यांनी जपून ठेवलेल्या सीडी आहेत. उघडल्या की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. पोचिराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्यावर लिहिलेले लेख त्या कचऱ्यात आहेत. लिहिणारे आपले, कागद आपला, पण अक्षरे भाड्याची होती. यातले काही परत मिळाले ते स्वयंसेवकांनी लिहून फुकट वाटलेल्या फॉन्ट परिवर्तकांमुळे. त्यांचा कोड उघडा होता, म्हणून एका मुलाला त्यात आमच्या फॉन्टच्या चुकणाऱ्या जोडाक्षरांची भर घालता आली. युनिकोड आणि उघड्या परवान्याचे फॉन्ट आल्यावर हे संकट बरेच कमी झाले आहे. हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ आवडत नसेल तर असा फॉन्ट उघडून त्यात मराठी वळण घालता येते आणि नवे नाव देऊन वाटताही येतो.

दुसरीकडे कुलपे वाढत आहेत. रेशन दुकानातले मशीन म्हातारीचा अंगठा घेत नाही आणि दुकानदार म्हणतो, ‘मशीन सांगतंय, मी काय करू?’ शिष्यवृत्तीचा अर्ज पोर्टलवर अडकतो आणि का अडकला ते कॉलेजचा कारकूनही सांगू शकत नाही. कायद्यात लिहिलेला हक्क कोडमध्ये लिहिलेल्या अटीपाशी अडतो. कायदा राजपत्रात छापावा लागतो, कोड कुठेच छापला जात नाही. लोकांच्या पैशातून बनलेले आणि लोकांचे हक्क ठरवणारे सॉफ्टवेअर लोकांना वाचता आले पाहिजे, ही मागणी आपल्या मोर्च्यांच्या निवेदनात अजून येत नाही. केरळने शाळांमध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पातून मुक्त सॉफ्टवेअर आणले. आपल्याकडे सरकारी नोकरीसाठी लागणारा कोर्स कुठले बटण दाबायचे एवढेच शिकवतो.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे आपोआप मुक्ती, असेही आम्ही म्हणत नाही. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी तेच लिनक्स आहे. तरी बहुतेक फोन कंपनीने असे कुलूपबंद केलेले असतात की आतला उघडा कोड तुमच्या काही उपयोगाचा नाही. जे सर्वांचे, त्यातून सर्वांत जास्त उपसा मोठ्या पंपाचा. लातूरकरांना हे दुसऱ्या भाषेत समजवायची गरज नाही. हापसा दीडशे फुटांवरचे पाणी ओढतो. शेजारच्या उसाचा बोअर पाचशे-सातशे फुटांवर गेला की हापसा कोरडा पडतो, मग त्याचे ड्रॉइंग कितीही उघडे असो. २००९ चा महाराष्ट्र भूजल कायदा पिण्याशिवायच्या विहिरींना ६० मीटरची मर्यादा घालतो. ती कुणी मोजत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हाही जिल्ह्यातला ऊस उभा होता.

या उन्हाळ्यात आम्ही दोन्ही जिल्ह्यांतल्या काही वस्त्यांमधल्या हापशांची यादी करतो आहोत. ती ओपनस्ट्रीटमॅप या उघड्या नकाशावर टाकायची आहे. हा नकाशा कुणालाही दुरुस्त करता येतो आणि त्यातली माहिती कुठलेही कार्यालय दाबून ठेवू शकत नाही. प्रत्येक हापशासाठी चार रकाने आहेत : हापसा कुठल्या वस्तीत आहे, किती दिवसांपासून बंद आहे, जवळचा खासगी बोअर किती फुटांचा आहे आणि बिघाड वॉशरचा आहे की पाण्याचा. चौथा रकाना भरायला हापसा उघडावा लागतो. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी आपला पाना घेऊन यावे.